बावनकशी सोनें आणि दागिन्यांच्या याद्या : जालना प्रांताच्या निमित्तानें

ऐतिहासिक दप्तरें चाळणाऱ्या मंडळींचा एक परिपाठच होऊन बसला आहे. रुमाल सोडला कीं सनदा, महजर, इनामपत्रें व राजकीय पत्रव्यवहार हे कागद निराळे काढावयाचे, त्यांच्या नकला करावयाच्या, आणि तळाशीं सराफांचे हिशेब व दागिन्यांच्या याद्या यांचा जो गठ्ठा उरतो तो ‘घरगुती’ अशी चिठी लावून पुन्हां बांधून ठेवावयाचा. लग्नांत मुलीच्या अंगावर घातलेली सरी किती तोळ्यांची होती हें कळून इतिहासांत काय भर पडणार, असा विचार यामागें असतो. आमच्या मतें हा विचार मुळांतच चुकीचा आहे. तरवार, ताम्रपट, देवळांतील घंटा या वस्तु मूळ रूपांत आपल्यापर्यंत पोंचतात. सोन्याचा दागिना बहुधा पोंचत नाहीं. तो आटतो, आणि उरतो तो कागद. हा कागद वाचावा कसा, आणि दागिना कां उरत नाहीं, या दोन गोष्टींचा विचार जालना प्रांताच्या निमित्तानें येथें करण्याचें योजिलें आहे.

‘जालना सोनेका पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वतोमुखी आहे. जालन्यास सोन्याची खाण नाहीं. म्हणींतलें सोनें व्यापाराचें. इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं जालनापूर लुटलें. तेव्हां गांवच्या धनिकांनीं आपलें जडजवाहीर बाहेरच्या बाजूस असलेल्या जान महंमद नांवाच्या साधूच्या तक्यांत नेऊन ठेविलें होतें, व लुटारूंनीं तेथेंहि हात घातला, असें खाफीखान सांगतो. साधूच्या शापाची जी कथा तो पुढें जोडतो तिच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, घोड्यांच्या टापा ऐकूं आल्या कीं उचलून हलवितां येईल अशा रूपांत येथील धन असे. हा मुलूखच फौजांच्या वाटेवरचा. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जेथें शिंदे-भोसल्यांच्या फौजांची वेलस्लीशीं लढाई झाली तें असई गांव आज जालना जिल्ह्यांतच मोडतें. वाडा, शेत, गुरें हीं नेतां येत नाहींत. पाटल्या, गोठ, सरी अंगावर असतात. धर्मशास्त्रानें अलंकार स्त्रीधनांत घातले याचा व्यवहारांतला अर्थ अशा मुलखांत विशेष कळतो.

आतां सोन्याच्या ‘कसा’कडे वळूं. याद्यांतून ‘बावनकशी’, ‘उत्तम कस’, ‘हीणकस’ असे शब्द येतात आणि नकलाकार ते अलंकारिक समजून पुढें जातात. वस्तुतः ते मोजमापाचे शब्द आहेत. कस म्हणजे कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्यानें उठविलेली रेघ. परीक्षेचें सोनें व ज्ञात शुद्धतेची सोन्याची सळई यांच्या रेघा शेजारीं शेजारीं ओढून रंग ताडून पाहावयाचा. तांब्याचें हीण असेल तर रेघ लालसर दिसते, रुप्याचें असेल तर फिकट व किंचित् हिरवट. पुढें तेजाब लावून रेघ किती टिकते हें पाहण्याची रीतहि आली. जाणता सराफ पहिल्या रेघेवर कधीं विश्वास ठेवीत नाहीं. मीठ, तुरटी व सोरा यांच्या कढांत दागिना उकळून पृष्ठावरचें हीण काढून टाकण्याची व रंग खुलविण्याची कला सोनारांस पुरातन काळापासून अवगत आहे. म्हणून आधीं कानस फिरवून मग आंतल्या अंगाची रेघ घ्यावयाची. आजकाल सराफी पेढ्यांवर क्षकिरणांचें यंत्र असतें, पण तेंहि मुख्यतः वरच्या थराचेंच सांगतें. दगडापुढची अडचण यंत्रापुढेंहि कायमच आहे!

गांवोगांवीं ही परीक्षा करणारा अधिकारी म्हणजे पोतदार. तो बहुधा सोनार असे आणि सरकारांत भरावयाचीं नाणीं पारखून देणें हें त्याचें काम. ज्या घराण्यांत हें वतन चाललें त्यांचीं दप्तरें संग्राहकांनीं अवश्य शोधावींत.

खरी गुंतागुंत आहे ती कसाच्या पट्टींत. कौटिलीय अर्थशास्त्रांत सोन्याचे सोळा वर्ण धरले असून सोळावा वर्ण शुद्ध सोन्याचा आहे. जुन्या मराठी काव्यांत उंची सोन्यास ‘पंधरें’ म्हणतात, तेंहि अशाच मोजणीच्या भाषेंतलें. मोगली पट्टी बारा बानींची. म्हणून हिंदुस्थानींत ‘बारहबानी’ म्हणजे निर्मळ सोनें. आमच्याकडे शुद्धतेचा शिखराचा आंकडा बावन्न. यूरोपांत चोवीस कॅरट. कॅरट हा शब्द कॅरोब झाडाच्या बीवरून आला. आमची गुंज जशी वेलीची बी, तसाच प्रकार. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन यानें इ. स. च्या चौथ्या शतकाच्या आरंभीं जें सोन्याचें नाणें पाडलें तें असल्या चोवीस वजनांचें होतें, आणि तेथून चोवीस हा आंकडा पूर्णत्वाचा ठरला असें मानतात.

या निरनिराळ्या पट्ट्या एकमेकींत त्रैराशिकानें फिरवूं नयेत. त्याचें उत्तम उदाहरण ऐने-अकबरींत आहे, आणि तें दक्षिणेंतल्याच नाण्याचें आहे. अबुल फझल लिहितो कीं, दक्षिणेंत चालणारा जुना होन पूर्वीं शुद्ध, म्हणजे दहा कसांचा समजत. बादशाही परीक्षेंत तो साडेआठाचा ठरला. अल्लाउद्दिनाचा दिनार बारांचा समजत, तो साडेदहाचा भरला. नाणें तेंच, सोनें तेंच. बदलली ती परीक्षकाची सळई. (या अबुल फझलाकडे कांहीं काळ जालना जहागीर होतें व तो तेथें राहिला, अशी परंपरा गॅझेटियरांतून नमूद आहे.) तेव्हां एकाद्या यादींत ‘कस दहा’ असें आढळलें तर तो कोणत्या टांकसाळीचा, कोणत्या सराफाचा व कोणत्या सालचा, हें ठरल्यावांचून त्यावरून किंमत काढूं जाणें व्यर्थ होय.

वजनाविषयींहि अशीच सावधगिरी पाहिजे. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, एकूण ९६ गुंजा, हें कोष्टक सर्वांस ठाऊक आहे. पण तोळा कोणता? कंपनी सरकारनें १८३३ त १८० ग्रेनांचा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅमचा तोळा ठरविला. जालना १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें व तेथील हाली शिक्क्याचा रुपया सुमारें ११.१८ ग्रॅम भरे. रुपयाभर वजनास तोळा म्हणण्याची चाल जेथें असेल तेथें शंभर तोळ्यांमागें चार तोळ्यांचा फरक पडतो. आजचा सराफ तर तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतो. आजीच्या यादींतले बारा तोळे नातवानें आजच्या तोळ्यांनीं मोजले, तर सुमारें वीस ग्रॅम सोनें आंकड्यांतच नाहींसें होतें, आणि भाऊबंदकीस निष्कारण विषय मिळतो.

दागिना घेणें म्हणजे नाणें घेणें, हें समीकरण आमच्याकडे किती पक्कें होतें याचा पुरावा पुतळ्यांची माळ. पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचें सोन्याचें नाणें. त्या नगरीनें तें १२८४ त पाडण्यास आरंभ केला आणि १७९७ त तेथील लोकसत्ता बुडेपर्यंत त्याचें वजन व कस जवळजवळ ढळूं दिला नाहीं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनें जवळजवळ निर्भेळ. नाण्यावर व्हेनिसचा अधिपति संत मार्कापुढें गुडघे टेकून बसलेला असतो. आमच्या लोकांस त्यांत नुसत्या पुतळ्या दिसल्या आणि तेंच नांव रूढ झालें. परक्या धर्माच्या साधूची आकृति सवाष्णींनीं गळ्यांत निःशंक वागविली, याचें कारण कस. पुढें येथेंच ठसे करून पातळ पत्र्याच्या पुतळ्या होऊं लागल्या. यादींत संख्या व वजन दोन्ही असल्यास खऱ्या-नकलीचा निवाडा बसल्या जागीं करतां येतो. खऱ्या चाळीस पुतळ्या १४० ग्रॅम, म्हणजे जुने बारा तोळे भरावयास पाहिजेत. यादींत त्या सात-आठ तोळेच असल्या, तर त्या व्हेनिसच्या नव्हत, हें उघड आहे. मात्र ओंवण्यासाठीं लाविलेल्या कड्यांचें वजन ध्यानांत धरावें.

अंगावर घालण्याच्या दृष्टीनें शुद्ध सोनें सोईचें नाहीं. तें मऊ असतें; रोजच्या वापरांत पाटल्या झिजतात, कडी ताणते, नक्षी पुसट होते. तरीहि हीण कमीत कमी ठेवण्याकडे आमच्या लोकांचा कल राहिला, यास किंमतीखेरीज दुसरींहि कारणें होतीं. उंची सोनें घामानें काळवंडत नाहीं. त्याची तार बारीक निघते व मणी पातळ ठोकतां येतो; बोरमाळ किंवा मोहनमाळ यांचें काम या गुणावर चालतें. कुंदनाच्या कोंदणांत तर शुद्ध सोन्यावांचून गत्यंतरच नाहीं. हिऱ्या-माणकांच्या भोंवतीं सोन्याचा वर्ख नुसत्या दाबानें, विस्तवावांचून, एकजीव करावयाचा असतो, आणि तें निर्भेळ सोन्यासच साधतें. उलट सांधे झाळण्यास हलकें, लवकर वितळणारें सोनें लागतें. म्हणून पुष्कळ सांध्यांचा दागिना आटविला म्हणजे घडवितांना सांगितलेल्यापेक्षां कस खालीं येतो. घडवितांना एक कस आणि मोडतांना दुसरा, अशा दोन नोंदी एकाच घरच्या कागदांत आढळल्या कीं सोनारानें लबाडी केली असें अनुमान काढण्याची घाई होते. तीं अनुमानें बहुधा सोनारावर अन्याय करणारीं असतात. लाख भरलेल्या पोकळ मण्यांचेंहि तसेंच. ‘लाखेसुद्धां’ हा एक शब्द नकलेंत गाळला तर सर्व हिशेब बिघडतो.

आतां दागिना कां उरत नाहीं हा प्रश्न. त्याचें उत्तर कसांतच आहे. हीणकस दागिना मोडावयास नेला तर शुद्धीकरणांत खर्च व घट फार. मालक त्याला सहसा हात लावीत नाहीं. बावनकशी दागिना मुशींत घातला कीं जवळजवळ होतें तेवढें सोनें हातीं येतें. जाते ती घडणावळ. म्हणून जितका कस उंच तितका दागिना आटविण्याचा मोह अधिक. जालन्यासारख्या अवर्षणाच्या प्रदेशांत तर प्रसंग वारंवार येतात. १९७२ चा दुष्काळ, २०१२-१३ चा मोसंबीच्या बागा वाळविणारा दुष्काळ, मधल्या काळांतलीं विहिरीचीं व लग्नाचीं कर्जें. आणि संकटाचें कारण नसलें तरी दर पिढीस नवी घडण हवी असते. आजीची सरी मोडून नातीचें गंठण होतें. परिणाम असा कीं, वस्तुसंग्रहालयांत जे दागिने दिसतात त्यांवरून जुन्या काळच्या कसाचें अनुमान करणें युक्त नाहीं. जे उत्तम होते ते आटले.

सरकारी कायद्यानेंहि या प्रकारांत एकदां भर घातली. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम झाले व चौदा कॅरटांहून उंच कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. सोनारांचा धंदा बसला, कित्येकांनीं जीव दिला. १९६६ त चौदा कॅरटांचें बंधन उठलें. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत चालला. त्या तीन-चार वर्षांच्या लग्नांच्या याद्या मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत, कारण कायदा एक सांगतो आणि घराणें काय करतें हें अशाच कागदांवरून कळतें. पुढें भारतीय मानक ब्यूरोनें २००० त सोन्याच्या दागिन्यांवर ठसा उठविण्यास आरंभ केला, तो जून २०२१ पासून देशांतील २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळखचिन्हावांचून ठशाचा दागिना विकतां येत नाहीं. बावीस कॅरटांवर ‘९१६’ हा अंक येतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनें. जुन्या यादींतील कसाच्या रकान्याचें काम आतां हा अंक करतो. फरक इतकाच कीं दागिना आटला म्हणजे ठसाहि आटतो. पूर्वींची यादी दागिन्याच्या बाहेर, कागदावर असे.

अशा याद्यांची नकल करतांना वजनाचे आंकडे रुपया-आण्यांच्या खुणांशीं गोंधळूं देऊं नयेत. मोडींत तोळे, मासे व गुंजा यांचा क्रम नुसत्या जागेवरून कळतो आणि कागद फाटला असल्यास एक जागा सरकून माशांचे तोळे होतात. खालच्या बेरजेशीं ताळा पाहिल्यावांचून आंकडा छापूं नये. दागिन्याचें नांव स्थानिक असेल तसेंच ठेवावें. मराठवाड्यांतील ‘डोरलें’ किंवा ‘पोत’ यांच्या जागीं ‘मंगळसूत्र’ लिहिलें कीं अर्थ राहतो व माहिती जाते. सराफाचें नांव, त्याची पेठ, यादी करतेवेळीं हजर असलेल्यांचीं नांवें हीं गाळूं नयेत. यादीच्या मागच्या बाजूस, बहुधा निराळ्या हातानें, ‘मोडली’, ‘गहाण’, ‘धाकटीस दिली’ असे त्रोटक शेरे असतात. पुष्कळ नकलांत तेवढेच वगळलेले असतात. ज्या घरीं जुन्या याद्या मिळणार नाहींत तेथें गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या लग्नाच्या याद्या तरी मागून घ्याव्या. त्या कोऱ्या दरखास्ती कागदावर किंवा वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेल्या असतात, आणि लग्न पार पडलें कीं त्यांस कोणी जपत नाहीं.