लाल रेघेची गोळी

फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती-अकोल्यात करोना उसळला आणि टाळेबंदी लागली. त्याच महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला: रुग्णालयातल्या करोना रुग्णांना अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा फायदा नाही. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे जुनंच ज्ञान. तरी तापात घरात उरलेली गोळी घेतली जातेच. डॉक्टरची फी आणि तालुक्याची चक्कर परवडत नाही, ही तक्रार रास्त. पण उरलेल्या गोळ्यांनी आजार हटत नाही, चिवट जंतू तेवढे तगतात. गोळ्यांच्या पट्टीवरची उभी लाल रेघ हेच बजावते: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबायचं का, तेही डॉक्टरांनाच विचारावं. पुरळ, धाप, ओठांवर सूज आली, तर मात्र गोळी थांबवून तडक दवाखाना गाठावा.