पंख्याच्या मोटरला ‘डोळा’ कशाला? बीएलडीसी पंख्याच्या धंद्यात पैसे घालण्याआधी एवढं समजून घ्या



सध्या एक प्रश्न खूप जण विचारतात. “सर, बीएलडीसी पंख्याचं किट आणायचं, जोडायचं, आपलं नाव लावून विकायचं. चालेल का हा धंदा?” कोणी दोन लाख बाजूला काढून ठेवलेत, कोणी पाच लाखांचं कर्ज काढायच्या तयारीत आहे.

हो किंवा नाही म्हणण्याआधी माझा एक उलट प्रश्न असतो. तुम्ही जी मोटर घेणार आहात, तिला आपण कुठे आहोत हे कळतं कसं? याचं उत्तर माहीत नसेल, तर पैसे तूर्त खिशातच ठेवा. कारण पंखा परत येणार की नाही, हे बरंचसं त्याच उत्तरावर ठरतं.

आज आपण खास करून प्रकाशावर चालणारा, म्हणजे ऑप्टिकल सेन्सर बघू. तो काय करतो, कुठे दगा देतो, आणि छोट्या माणसाला त्यातून पैसा नक्की कुठे मिळू शकतो.

साधा पंखा आंधळाच असतो, आणि त्याचं काही बिघडत नाही

आपल्या घरातला जुना पंखा इंडक्शन मोटरवर चालतो. मधली कॉइल स्थिर असते, बाहेरचं भांडं पात्यांसकट फिरतं. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो. कंडेन्सरमुळे दोन वाइंडिंगमधल्या प्रवाहांत थोडं अंतर पडतं, आणि त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. भांडं त्याच्या मागे ओढलं जातं. ते कुठे पोचलंय हे कोणी विचारत नाही. गरजच नसते.

म्हणून हा पंखा वर्षानुवर्षं चालतो. बिघडलं तर बहुतेक वेळा कंडेन्सर, बेअरिंग नाहीतर वाइंडिंग. पण १२०० मिलिमीटरचा असा पंखा साधारण ७० ते ८० वॅट खातो.

बीएलडीसीला मात्र जागा कळावीच लागते

बीएलडीसी पंख्यात बाहेरच्या भांड्यात कायमचे चुंबक बसवलेले असतात. आतल्या कॉइलचे तीन गट असतात. कुठल्या गटाला कधी वीज द्यायची, हे इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतं. चुंबक समोर आला की पुढची कॉइल चालू, मागची बंद. म्हणून तेवढ्याच कामाला हा पंखा साधारण २८ ते ३५ वॅट घेतो.

आता हा हिशोब बघा. समजा मोटरला १४ पोल आहेत, म्हणजे चुंबकांच्या ७ जोड्या. एका जोडीमागे बोर्डाला ६ वेळा कॉइल बदलावी लागते. एका फेऱ्यात ४२ वेळा. पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे २४५ वेळा. प्रत्येक वेळी चुंबक कुठे आहे हे माहीत हवं. अंदाज चुकला की मोटर गुरगुरते, तापते, झटके देते.

जागा ओळखायचे तीन मार्ग

पहिला मार्ग हॉल सेन्सर. चुंबक जवळ आला की तो सिग्नल देतो. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावर तो चालतो. धुळीची त्याला पर्वा नसते, पण मोटरच्या उष्णतेत तो बसलेला असतो.

दुसरा मार्ग सेन्सरच नसणं. फिरताना कॉइलमध्ये उलटा व्होल्टेज तयार होतो, त्यावरून बोर्ड जागा ओळखतं. बाजारातल्या बऱ्याच पंख्यांत हीच पद्धत आहे, कारण सुटे भाग कमी लागतात. अडचण एकच. पंखा थांबलेला असताना उलटा व्होल्टेज शून्य असतो. म्हणून सुरुवातीला बोर्ड अंदाजाने ढकलतं. काही पंखे सुरू होताना आधी किंचित उलटे हलतात ना, त्याचं कारण हेच.

तिसरा मार्ग आपला आजचा विषय, ऑप्टिकल.

प्रकाशाने फेरे मोजायचे म्हणजे काय?

जुना, खाली गोळी असलेला कॉम्प्युटर माउस आठवतो का? तो उघडला की आत खाचा असलेल्या दोन छोट्या चकत्या दिसायच्या. चकतीच्या एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. खाच समोर आली की उजेड पलीकडे जातो, दात आला की अडतो. चालू-बंद, चालू-बंद. तेच तंत्र मोटरमध्ये वापरता येतं. एलईडी बहुतेक इन्फ्रारेड असते, म्हणजे तिचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या १४ पोलच्या मोटरसाठी ७ खाचा आणि ७ दात असलेली चकती भांड्याबरोबर फिरेल. स्थिर भागावर तीन सेन्सर ठरावीक अंतरावर बसतील. तिघांच्या चालू-बंदमधून सहा वेगवेगळ्या जोडण्या तयार होतात, आणि बोर्डाला सहा पायऱ्या कळतात. पंखा थांबलेला असला तरी जागा कळते. कोणता सेन्सर आधी चालू झाला यावरून दिशाही कळते. खिडकीच्या वाऱ्याने पंखा उलटा फिरत असेल, तरी बोर्डाला समजतं.

दुरुस्ती करणाऱ्यासाठी यात एक सोन्यासारखी खूण आहे. या रचनेत तिन्ही सेन्सर एकाच वेळी चालू किंवा तिन्ही एकाच वेळी बंद असं कधीच होत नाही. तसं दिसलं, तर दोष सेन्सरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा त्याच्या पुरवठ्यात आहे. भांडं हाताने हळू फिरवा. एका फेऱ्यात प्रत्येक सेन्सर ७ वेळा चालू झाला पाहिजे. हे तपासताना सेन्सरची पट्टी बोर्डापासून सुटी करा आणि तिला वेगळ्या अडॅप्टरने योग्य तो कमी व्होल्टेज द्या. मेन चालू असताना बोर्डावर हात नको. २३० व्होल्टचा पुरवठा डीसीमध्ये बदलला की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ राहू शकतात.

मग हा डोळा सगळेच का नाही वापरत?

दोन कारणं आहेत. दोन्ही धंद्याशी जोडलेली.

एक, बसवण्याची अचूकता. समजा सेन्सर मध्यापासून ५० मिलिमीटरवर आहे. तो फक्त १ मिलिमीटर सरकला, तर मोटरच्या मोजणीत ती चूक साधारण ८ अंशांची होते, कारण ७ जोड्यांमुळे प्रत्येक चूक सातपट होते. कारखान्यात साचा असतो. तुमच्या टेबलावर हाताने शंभर नग जोडताना एक मिलिमीटर कधी सरकेल, कळणारसुद्धा नाही.

दोन, धूळ. सीलिंग पंखा म्हणजे घरातली धूळ गोळा करायची जागा. स्वयंपाकघरात तेलकट धूळ, पिठाच्या गिरणीत पीठ, यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा तुस. भिंगावर थर बसतो, उजेड कमी होतो, सिग्नल कमजोर पडतो. एक दिवस एखादा ठोका चुकतो आणि पंखा मध्येच झटका देतो. ग्राहक म्हणतो, “पंखा खराब निघाला.” खरं तर फक्त डोळ्यात कचरा गेलाय!

यावर उपाय आहेत. सेन्सर पूर्ण बंद कप्प्यात ठेवता येतो. बाहेरच्या उजेडाने फसू नये म्हणून एलईडी ठरावीक लयीत चमकवता येते. पण प्रत्येक उपाय म्हणजे जास्तीचा भाग आणि जास्तीचा खर्च.

आता वॉरंटीचा हिशोब लावा. समजा एका पंख्यामागे २५० रुपये सुटतात. १०० पंखे विकले, २५ हजार मिळाले. वॉरंटीत २० पंख्यांची तक्रार आली आणि प्रत्येकासाठी दोन चकरा झाल्या. एका चकरेला पेट्रोल आणि वेळ धरून ३०० रुपये. झाले १२ हजार. निम्मा नफा रस्त्यावर गेला, आणि वीस घरांत तुमचं नाव खराब झालं ते वेगळंच.

डोळा पंख्यात नको, टेबलावर ठेवा

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. नवख्या छोट्या उद्योजकाने या तंत्राची सुरुवात पंखा बनवण्यापासून करू नये. सुरुवात करावी ती मोजण्यापासून.

हाच ऑप्टिकल सेन्सर टॅकोमीटर नावाच्या उपकरणात असतो. पात्याला चमकणाऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा, टॅकोमीटरचा किरण त्यावर धरायचा, फेरे मिनिटाला किती ते आकड्यात दिसतात. मोटर उघडायची गरज नाही, धुळीत बसवायची गरज नाही, हात लावायचीही गरज नाही. त्याच्या जोडीला प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घ्या. साधी दोन्ही उपकरणं मिळून खर्च साधारण तीन हजारांच्या आसपास येतो. पाच लाख कुठे, तीन हजार कुठे!

वापरताना चार गोष्टी पाळा.

१. टेप एकाच पात्याला लावा. तिन्ही पाती मोजली गेली, तर ३५० चा आकडा १०५० दिसेल.

२. आकडा नेमका ६००० च्या जवळ आला तर घाबरू नका. विजेवरचे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, मिनिटाला ६०००. तुमचं यंत्र पंखा नाही, दिवा मोजतंय. दिवा बंद करा, परत मोजा.

३. अँपिअर गुणिले व्होल्ट करून वॅट काढू नका. पंख्याच्या बाबतीत तो आकडा खऱ्या वॅटपेक्षा जास्त येऊ शकतो. वॅटमीटरच वापरा.

४. पाती काढून मोजू नका. हवा ढकलायचं कामच नसेल, तर वेग जास्त आणि वॅट कमी दिसतात. दोन्ही आकडे ग्राहकाच्या कामाचे नाहीत.

यातून पैसा कसा येतो?

आज दुरुस्तीवाला येतो, कंडेन्सर बदलतो, “झालं बघा काकू” म्हणतो आणि पैसे घेतो. पंखा खरंच सुधारला का, हे काकूंना कळत नाही. तुम्ही आधी मोजा आणि कार्डावर लिहा. समजा, दुरुस्तीआधी २४० फेरे, दुरुस्तीनंतर ३६०. त्याच पंख्याची हवा जवळपास वेगाच्याच प्रमाणात वाढते. म्हणजे काकूंना दीडपट हवा मिळाली, आणि ते कागदावर आहे. पुढच्या वेळी त्या कोणाला बोलावतील?

एक सावधगिरी. ही तुलना एकाच पंख्याची आधीची आणि नंतरची. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पंख्यांत फक्त फेरे बघून चांगला-वाईट ठरवू नका, कारण पात्यांचा आकार आणि कोन वेगळा असतो.

दुसरं काम मोठ्या ग्राहकांचं. शाळा, मंगल कार्यालय, वसतिगृह, अभ्यासिका. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा पंखा लावला, तर ४५ वॅट वाचतात. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६२ युनिट. ८ रुपये दर धरला तर १,२९६ रुपये. ४० पंख्यांचे झाले ५१,८४० रुपये. पण हे तोंडी सांगू नका. त्यांचाच जुना पंखा त्यांच्यासमोर मोजा, त्यांच्याच बिलातला दर घ्या, मग कागद पुढे ठेवा. पंखा ब्रँडेड विका, बसवणं आणि देखभाल तुमची. वॉरंटी कंपनीची, विश्वास तुमचा.

आणि तरीही स्वतःचा पंखा बनवायचाच असेल तर?

जरूर बनवा, पण डोळे उघडे ठेवून. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमतेचं स्टार लेबल बंधनकारक झालं आहे. भारतीय मानक आयएस ३७४ प्रमाणे तपासणी आणि बीआयएसचं प्रमाणपत्र हेही केंद्र सरकारच्या २०२३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशात आलं. “किट जोडा, स्टिकर लावा, विका” एवढं ते सोपं नाही. किट विकणाऱ्याला आधी तीन प्रश्न विचारा. सेन्सर कोणता? तो बदलून मिळतो का, आणि किती दिवसांत? तपासणीचा अहवाल कुठे आहे? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातले आणि शेजारचे मिळून दहा पंखे मोजा. फेरे, वॅट आणि पंख्याचं वय, एवढे तीन रकाने वहीत आखा. त्यातले किती पंखे नुसत्या कंडेन्सरने किंवा बेअरिंगने सुधारतील, ते शोधा. दहा आकडे हातात आले, की तुमच्या गल्लीत धंदा आहे की नाही ते ही वहीच सांगेल. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा, शिकत राहा!