कळलावीचं कूळ आणि मूळ

गौरी-गणपतीच्या दिवसांत कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते, ती कळलावी आपल्या ओळखीची आहे. आज तिचं कूळ-मूळ समजून घेऊ.

तिचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनियस या शास्त्रज्ञाने ते १७५३ साली दिलं. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत. आता ती कोल्चिकेसी कुळात मोडते. या कुळातलं ओळखीचं विष म्हणजे कोल्चिसिन. कळलावीच्या सगळ्या भागांत ते असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर.

ती मूळची आफ्रिकेतली, तशीच भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतची. झिम्बाब्वेचं ते राष्ट्रीय फूल, तमिळनाडूचं राज्यफूल.

पावसाळ्यानंतर वेल वाळते, पण कंद मातीत जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात फुटतो. खणताना तो खाण्याचा कंद समजून घरात येऊ शकतो. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हा कंद वापरत, त्यावरूनच हे नाव पडलं. ती रीत आता नकोच. बाळंतपण दवाखान्यातच करू.

कुणी चुकून कंद खाल्लाच, तर उलट्या-जुलाब थांबायची वाट बघायची नाही. कंदाचा तुकडा सोबत घ्यायचा आणि १०८ ला फोन लावायचा. फूल बघू, जपू. कंद मात्र तोंडात नको.