शेततळ्यातील मासे पहाटे का दगावतात?

अंथुर्णे व आसपासची गावे नीरा डाव्या कालव्याच्या टापूत येतात. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात पिकास पाणी कमी पडू नये म्हणून पुष्कळ बागायतदारांनी शेततळी खोदून त्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरला आहे. या साठ्यात कटला, रोहू व मृगळ हे मासे वाढवून चांगले जोडउत्पन्न मिळते. परंतु सायंकाळी निरोगी दिसणारे मासे सकाळी मरून तरंगताना आढळतात, तेव्हा कोणी तळ्यात विष कालवले अशी शंका येते आणि शेजाऱ्याशी विनाकारण तंटा होतो. बहुधा खरे कारण पाण्यातच असते.

दिवसा सूर्यप्रकाशात पाण्यातील हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री ही निर्मिती थांबते. उलट शेवाळ, मासे व तळाशी कुजणारे खाद्य हे सर्व प्राणवायू खर्च करतात. म्हणून त्याचे प्रमाण सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असते. आभाळ सतत भरून आलेले असल्यास दिवसाची शिल्लकही अपुरी पडते. दर लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम प्राणवायू असणे हितकारक. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास मासे संकटात येतात.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर हीच सूचना समजावी. खाद्य ताबडतोब बंद करावे आणि पंपाने तळ्यातीलच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत पाडावे. कूपनलिकेचे पाणी सोडावयाचे असल्यास तेही उंचावरूनच पाडावे, कारण खोल भूगर्भातील पाण्यात प्राणवायू बहुधा अत्यल्प असतो.

प्रतिबंधासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. दर गुंठ्यास सुमारे ५० बोटुकली सोडावीत. अधिक लोभ धरू नये.

२. रोजचे खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के असावे. ते तबकातून द्यावे व शिल्लक राहिल्यास दुसऱ्या दिवशी कमी करावे.

३. हात पाण्यात सरळ बुडवावा. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसत असल्यास हिरवेपणा योग्य होय. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाल्यास शेवाळ फार वाढले असे समजून खत व खाद्य थांबवावे.

४. चुना सामू तपासल्याखेरीज टाकू नये. सामू ७.५ ते ८.५ असल्यास त्याची गरज नसते. सामू फार चढल्यास पाण्यातील अमोनिया अधिक विषारी होतो.

५. उन्हाळ्यात पिकास पाणी देतानाही तळ्यात निदान ५ फूट पाणी राखावे.

६. औषध फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये.

शेतकरी बंधूंनी पहाटे एकदा तळ्यावर फेरी मारण्याची सवय ठेवावी. त्या वेळी दिसलेली खूण वेळीच ओळखल्यास वर्षभराचे श्रम वाचतात आणि शेजारधर्मही टिकतो.