पाहुणे पक्षी आणि परसातील कोंबड्या

हिवाळा लागला की मांजरीनजीक मुळा-मुठेच्या पात्रात, कवडीपाटच्या बंधाऱ्यापाशी, चक्रवाकादी पाहुणे पक्षी उतरतात. त्यांचे रूप पाहण्यास शहरातून हौशी मंडळी येतात. याच नदीच्या आसपास गुरे चरतात, परसात कोंबड्या हिंडतात. तेव्हा पाहुण्यांसोबत रोगही येतो काय, हा प्रश्न आपल्या दारचाच आहे.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूंचे मूळ बिऱ्हाड म्हणजे रानबदकांचे आतडे. बदक बहुधा आजारी पडत नाही. पण विष्ठेवाटे विषाणू पाण्यात उतरतो व थंड पाण्यात बरेच दिवस तग धरतो. चिखलाची चप्पल, नदीचे पाणी वा उघडे दाणे यांच्यामार्फत तो खुराड्यात शिरतो. कोंबड्यांत एच-५ व एच-७ जातींचे विषाणू कधीकधी उग्र रूप धारण करतात आणि पाहता पाहता खुराडे ओस पडते. पुढे आजारी कोंबड्यांची ने-आण, गाड्या आणि अंड्यांचे ट्रे हा रोग गावोगाव पोहोचवतात. त्याचा सारा दोष पक्ष्यांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

भारतातील पहिली साथ आपल्याच महाराष्ट्रात, फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे उघडकीस आली. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा ही नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत, असाच समज झाला होता. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच-५-एन-१ असल्याचे सांगितले, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. सुदैवाने तेथे माणसांना लागण आढळली नाही. परंतु २०२१ साली हरियाणातील एका मुलाचा या रोगाने दिल्लीत मृत्यू झाला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंनाही तो जडला. तेव्हा गोठाही सर्वस्वी निर्धास्त नाही.

मग उपाय कोणता? पक्ष्यांना हुसकावणे हा नव्हे. कोंबड्यांना नदीपासून दूर ठेवावे, विहिरीचे वा नळाचे पाणी पाजावे, दाणे झाकावेत. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने शिवू नये. मांस व अंडी पूर्ण शिजवून खाल्ल्यास भय नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मर लपवू नये. पाच-पंचवीस कोंबड्यांवर ज्या घरातील मीठमिरची चालते, तेथे पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी देणे जिवावर येते, हे खरे. पण सरकारी भरपाई मारलेल्या कोंबड्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर करणाऱ्याचे घरही बुडते आणि शेजारही. हे हिशेबाचे चार शब्द आपण शिकलेल्या मुलांनी घरी सांगितले, तरी शिक्षणाचे पुष्कळसे सार्थक झाले.