सुरांतली मंगळस्वारी

वाचकहो, ‘गीतरामायण’ आपल्या घराघरांतले. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या त्या मालिकेत गदिमा आणि सुधीर फडके यांनी ५६ गीतांत अख्खी कथा उभी केली. ते ध्यानात ठेवलेत, तर आज जिच्याविषयी सांगतो ती इंग्रजी ध्वनिमुद्रिका परकी वाटणार नाही.

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली. मंगळावरचे जीव इंग्लंडवर चाल करून येतात, तोफांचे काही चालत नाही, लंडन ओस पडते. जेफ वेन यांनी १९७८ मध्ये तिच्यावर दोन तबकड्यांचा संच काढला. प्रोग्रेसिव्ह रॉक ही रॉक संगीताची एक शाखा. तिच्यात गाणे तीन मिनिटांत आटोपत नाही. तंतुवाद्ये, इलेक्ट्रिक गिटार, सिंथेसायझर मिळून लांबलचक आख्यान लावतात. येथे नट रिचर्ड बर्टन पत्रकार होऊन निवेदन करतात, जणू कीर्तनातले बुवाच. जस्टिन हेवर्ड, डेव्हिड एसेक्स, ज्युली कव्हिंग्टन मधून मधून गातात. कव्हिंग्टन यांच्या वाट्याला आलेली पाद्र्याची पत्नी बेथ मूळ कादंबरीत नाही. निराश पाद्र्याला धीर देणारा आवाज म्हणून ती आणली. स्थळकाळ मात्र मूळचाच ठेवला.

आणि मंगळवासीयांचा अंतही. त्यांना माणूस मारत नाही, पृथ्वीवरचे जंतू मारतात. ओसाड लंडनवर त्यांचा ‘उल्ला’ हा आक्रोश विरत जातो. ऐकणाऱ्याला वाटते, आपण जिंकलो. पण वेल्स यांचे म्हणणे निराळे आहे: जंतूंशी टिकण्याची ही शक्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या असंख्य मरणे सोसून विकत घेतली.

ही किंमत त्याच १८९७ मध्ये आपली माणसे मोजत होती. मुंबई-पुण्यात प्लेग होता. मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. कथेत तारणारे जंतू येथे घरे रिकामी करत होते. जंतूला आपपर नसतो. पण त्याच वर्षी, जानेवारीत, मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मरण न मोजता ती शक्ती मिळवण्याची वाट लशीने दाखवली.

आमच्या जैन घरात पाणी गाळून, उकळूनच प्यायचे. न दिसणाऱ्या जीवाला क्षुल्लक मानू नये, हा धडा मला वैद्यकाच्या वर्गाआधी स्वयंपाकघरात मिळाला. लहरीपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात आजही एखादी आई विचारते, “डॉक्टर, तुमच्या गोळ्या चालू आहेत, मग लस कशाला?” मी सांगतो, “ताई, गोळ्या माझ्याकडून न्या, पण बाळाची लस चुकवू नका.” होमिओपॅथीचा डॉक्टर असे सांगतो, याचे तिला नवल वाटते.

ही ध्वनिमुद्रिका जरूर ऐका. तो आक्रोश थांबला की टाळी वाजवण्याआधी क्षणभर थांबा. ती शांतता आपल्याला फुकट मिळालेली नाही.