उघडी मान, गळ्यावरचा झुपका आणि परसातला कोंबडा

मेंडेलचे नियम शिकवताना आपण वर्गात वाटाणा घेतो. उंच झाड, बुटके झाड, फळ्यावर चार घरांचा चौकोन आणि शेवटी तीनास एक हे गुणोत्तर. वाटाण्यात एक अडचण आहे. समोरचे उंच झाड शुद्ध उंच आहे की संकरित उंच, हे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यासाठी आणखी एक संकर करून पुढची पिढी उगवण्याची वाट पाहावी लागते. ही अडचण जिथे जवळजवळ नाही, असा एक प्राणी काही घरांच्या परसात दाणे टिपत फिरत असतो. तो म्हणजे उघड्या मानेची कोंबडी.

या कोंबडीच्या डोक्यावर टोपीसारखी पिसे असतात, अंगावरही असतात, पण मान मात्र उघडी असते. वयात येताना, विशेषतः कोंबड्याची, ही मान लालभडक होते. टर्की आणि कोंबडी यांच्या संकरातून ही जात निघाली अशी एक समजूत पाश्चात्त्य देशांत होती, आणि त्यावरून तिला ‘टर्केन’ असे जोडनावही मिळाले. समजूत चुकीची आहे. ही निखळ कोंबडीच आहे. रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनियाची जात प्रसिद्ध आहे. भारतात केरळचा तिरुवनंतपुरम परिसर हे या कोंबडीचे मूळ क्षेत्र मानले जाते.

आपल्याकडे असे पिल्लू निघाले की ते रोगट आहे असे समजून आधी त्याचाच बळी जातो. म्हणून फरक सांगितला पाहिजे. उवा-गोचिडांमुळे किंवा एकमेकींना टोचल्यामुळे पिसे गेली असतील, तर त्वचेवर पिसांची मुळे, खुंट किंवा जखमा दिसतात आणि अशी कोंबडी जन्मतः उघड्या मानेची नसते. खऱ्या उघड्या मानेच्या पिलाची मान अंड्यातून बाहेर येतानाच उघडी असते. तिथे पीस उगवण्याची मुळेच तयार झालेली नसतात.

प्राण्यांनाही मेंडेलचे नियम लागू पडतात हे बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखवले होते. पुढे १९१४ मध्ये अमेरिकेत डॅव्हेनपोर्ट यांनी उघड्या मानेवर लिहिले. हा गुण एकाच जनुकामुळे येतो आणि नर-मादी दोघांतही सारखाच उतरतो. सोयीसाठी उघड्या मानेच्या जनुकाला ‘उ’ म्हणू आणि झाकलेल्या मानेच्या जनुकाला ‘झ’. प्रत्येक पक्ष्यात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. म्हणजे पक्षी उउ, उझ किंवा झझ असणार. झझ म्हणजे नेहमीची कोंबडी. उझ पक्ष्याची मान उघडी असते, पण गळ्याच्या पुढच्या बाजूला, दाण्याच्या पिशवीच्या थोडे वर, पिसांचा एक सुटा झुपका असतो. गळ्याला बो-टाय बांधावा तसा तो दिसतो. उउ पक्ष्यात हा झुपका नसतो, किंवा असलीच तर दोनचार बारीक पिसे असतात. पहिल्या दिवसाच्या पिलातही लव पाहून हे ओळखता येते. ‘उ’ हा ‘झ’वर पूर्ण मात करत नाही, म्हणून हे तिसरे रूप दिसते. पाठ्यपुस्तकात यालाच अपूर्ण प्रभावित्व म्हणतात.

आता उझ कोंबडा आणि उझ कोंबडी यांची पिल्ले घ्या. चार पिलांमागे सरासरीने एक उउ, दोन उझ आणि एक झझ. ‘सरासरीने’ या शब्दावर वर्गात थोडे थांबावे. अशा जोडीच्या १० पिलांत एकही झाकलेल्या मानेचे नसण्याची शक्यता ०.७५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ५.६ टक्के आहे. उझ आणि झझ या जोडीत निम्मी पिल्ले उघड्या मानेची अपेक्षित. तरी १० पिलांत बरोबर ५ आणि ५ निघण्याची शक्यता केवळ २५ टक्क्यांच्या आसपास आहे. एका खुडूक कोंबडीखालच्या पिलांवरून मेंडेलला बरोबर किंवा चूक ठरवू नये. पाचसहा घरांतल्या पिलांची मोजणी एकत्र करावी. आकडे हळूहळू जागेवर येताना दिसतात.

मान तेवढी उघडी का राहते, याचे उत्तर २०११ मध्ये एडिंबरोच्या रोझलिन संस्थेतील संशोधकांनी दिले. पहिल्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा तिसऱ्या गुणसूत्रात जाऊन बसला आहे. त्याच्या परिणामाने जवळचे एक जनुक वाजवीपेक्षा जास्त काम करते आणि पिसे उगवू न देणारे प्रथिन गर्भाच्या त्वचेत जास्त तयार होते. हे प्रथिन केवळ मानेत वाढत नाही. मानेच्या त्वचेत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल असते, आणि त्यामुळे तिथली त्वचा या प्रथिनाला अधिक लवकर दाद देते. मेक्सिको, फ्रान्स आणि हंगेरी येथील कोंबड्यांत हाच बदल सापडला. म्हणजे तो एकदाच घडला आणि माणसांबरोबर जगभर गेला असावा.

या उघडेपणाचा उपयोग उन्हाळ्यात होतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. उकाड्यात ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातील बायकार्बोनेट घटते आणि अंड्याचे कवच पातळ होते. एप्रिल-मे महिन्यांत हात लावताच फुटणारी अंडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. उझ पक्ष्याची पिसे साधारण २० ते ३० टक्के आणि उउ पक्ष्याची ४० टक्क्यांपर्यंत कमी असतात. उष्णता मानेतून थेट बाहेर पडते. शिवाय पीस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिनच, ते वाचते. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी काढलेली ‘हितकारी’ ही संकरित कोंबडी याच उघड्या मानेच्या जातीपासून केलेली आहे. थंड हवेत मात्र हिशेब उलटतो. ऊब टिकवायला या कोंबडीला जास्त खावे लागते.

मग परसात पैदास कशी करावी? सगळ्या कोंबड्या उउ कराव्यात असे वाटेल. पण उउ पिल्ले अंड्यातच मरण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळले आहे. त्यापेक्षा घरच्या झझ कोंबड्यांवर उउ कोंबडा सोडावा. सगळी पिल्ले उझ, सगळ्यांच्या गळ्यात झुपका.

गोंधळ दुसऱ्या वर्षी सुरू होतो. जुना कोंबडा विकला जातो आणि त्याचाच एक देखणा मुलगा कळपात राहतो. तो उझ, त्याच्या बहिणी उझ; साहजिकच चौथा हिस्सा पिल्ले झाकलेल्या मानेची निघतात. घरात म्हणतात, जात बिघडली. जात बिघडलेली नाही, जनुके फक्त वेगळी झाली. खरे नुकसान डोळ्यांना लगेच दिसत नाही. दोनतीन पिढ्यांनी अंडी कमी फुटू लागतात, पिल्ले मलूल निघतात, आणि दोष उघड्या मानेवर जातो. आमच्या मते इथे आरोपी चुकतो. दोष बहुधा अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संबंधाचा असतो.

त्याचा हिशेब सोपा आहे. नरांच्या संख्येच्या आठपटीने एकाला भागा, माद्यांच्या संख्येच्या आठपटीने एकाला भागा, आणि दोन्ही मिळवा. एक कोंबडा आणि १० कोंबड्या असा बंद कळप असेल तर ०.१२५ अधिक ०.०१२५; म्हणजे दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. कोंबड्या १० च्या ३० केल्या तरी आकडा १३ टक्क्यांच्या जवळच राहतो. पण कोंबडे दोन ठेवले तर तो साडेसातवर येतो. कळप कितीही मोठा दिसो, एकच कोंबडा असेल तर निम्मी जनुके त्याचीच.

दोन कोंबडे एका खुराड्यात ठेवले की रक्तपात होतो, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही घरी सांगतील. म्हणून तीन घरांनी मिळून फिरती व्यवस्था करावी. पहिल्या घरचा कोंबडा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे, आणि स्वतःच्या घरचा मुलगा घरच्या कळपावर कधीच नाही. तिन्ही घरांनी पहिले कोंबडे एकाच ठिकाणाहून आणलेले नसावेत, एवढे आधी विचारून घ्यावे. देण्यासाठी बिनझुपक्याचा, म्हणजे उउ कोंबडा निवडावा. उझ दिला तर झझ कोंबड्यांची निम्मीच पिल्ले उघड्या मानेची होतील. नवा कोंबडा दोनतीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवावा आणि त्याला राणीखेतची लस दिली आहे ना हे पाहावे. पिलांच्या पायांत घराघराच्या रंगाचे दोरे बांधून वहीत तारीख, आई, बाप आणि झुपका आहे की नाही एवढे लिहिले, तर पुढच्या वर्षी कोणता कोंबडा कुठे पाठवायचा हे वहीवरून ठरवता येते. पाय जाड होत जातो तसा दोरा मात्र सैल करत राहावा.